आजोळच्या वाड्यातलं रोमन अवशेषांचं चित्र: जागा कुठली, हात कुणाचा आणि बटाटा का नको

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोळच्या वाड्याची वाटणी झाली आणि माळ्यावरचं एक तैलचित्र तुमच्या वाट्याला आलं. साधारण तीन फूट बाय सव्वादोन फूट. डावीकडे तीन उंच खांब आणि त्यांच्या डोक्यावर तुटका दगडी पट्टा. मधे एक गोल देऊळ. उजवीकडे मागे पिरॅमिड, आणि त्याच्याही मागे धूसर, कमानीच कमानी असलेली गोलसर इमारत. पुढे एक कोरीव दगडी पेटी, तिच्याभोवती पाचसहा माणसं, त्यातला तांबडं वस्त्र पांघरलेला एकजण हात लांब करून काहीतरी सांगतोय. सही कुठे नाही. सगळं चित्र चहाच्या रंगाचं झालंय. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने बघून ‘पाणिनीचं असावं’ असं सांगितलं. तुम्ही विचारलंय की ही जागा कुठली, चित्र खरंच त्याचं आहे का, आणि व्हिडिओत दाखवतात तसं कच्च्या बटाट्याच्या फोडीने पुसलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घाईचं आहे. नको. बटाटा नको, कांदा नको, ब्रेडचा गर नको, ओलं फडकंही नको. कारण पुढे सांगतो. तोवर चित्र आतल्या कोरड्या भिंतीला टेकवून उभं ठेवा, खाली दोन लाकडी ठोकळे द्या, आणि समोरची बाजू कशालाही चिकटणार नाही एवढं बघा.

आता जागा. ही जागा पृथ्वीवर कुठेच नाही. तुम्ही उद्या रोमचं तिकीट काढलंत आणि महिनाभर फिरलात तरी या कोनातून हे दृश्य दिसणार नाही. पण चित्रातली प्रत्येक वस्तू मात्र बहुतेक खरी आहे. तुमचा फोटो फ्लॅश मारून काढलेला, अर्धं आकाश पांढरंफटक आलंय, तरी जेवढं दिसतं त्यावरून बोलतो.

डावीकडचे तीन खांब रोमच्या फोरममधले, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकातले वाटतात, कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या मंदिराचे. प्रत्यक्षात ते चार मजली घराएवढे उंच आहेत. खांबाचा माथा कसा आहे ते भिंगाने नीट बघा. पानांचा झुबका असेल तर तो कोरिंथियन, मेंढ्याच्या शिंगासारखी दोन वेटोळी असतील तर आयोनिक. कॅस्टरचे तिन्ही खांब पानांचे आहेत. वेटोळी निघाली तर चित्रकाराने शनीच्या मंदिराचे खांब घेतले असतील. ते प्रत्यक्षात आठ आहेत, पण चित्रात जागा नसेल तर आठाचे तीन करायला कुणाची परवानगी लागत नाही. कपडे पालटावेत तशी या मंदिरांची नावंही पालटत आली आहेत. अठराव्या शतकात कॅस्टरच्या खांबांना ज्युपिटर स्टेटरचं देऊळ म्हणत, आणि शनीच्या देवळाला कॉन्कॉर्डचं. त्यामुळे जुन्या छापील चित्राखालचं नाव आणि आजच्या पाटीवरचं नाव जुळलं नाही तर गोंधळून जाऊ नका.

मधल्या गोल देवळाला फोटोत छप्पर दिसत नाही. हे महत्त्वाचं आहे. रोम शहरात टायबर नदीजवळ एक गोल देऊळ आहे. त्याच्या वीस खांबांपैकी एकोणीस उरलेत आणि डोक्यावर बसकं कौलारू छप्पर आहे. अठराव्या शतकात त्या खांबांमधे भिंती होत्या, कारण तेव्हा ते चर्च होतं. तुमचं देऊळ मात्र उघडं आणि बिनछपराचं आहे, म्हणजे ते तिवोलीचं. तिवोली रोमच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटर. तिथे कड्याच्या अगदी टोकाला हे देऊळ उभं आहे, खाली धबधबा, आणि मूळच्या अठरा खांबांपैकी दहा शिल्लक. खांबांवरच्या पट्ट्यात बैलांची मुंडकी आणि त्यांच्यामधे फुलांच्या माळा कोरल्या आहेत. भिंगातून तिथे नुसते ठिपके आणि लोंबते अर्धगोल दिसले तरी पुरे. ते देऊळ कड्यावरून उचलून तुमच्या चित्रकाराने सपाटीवर आणून ठेवलंय.

पिरॅमिड बघून तुम्हाला इजिप्त आठवला असेल. पण त्याच्या बाजू बघा, किती सरळसोट चढतात. इजिप्तचे मोठे पिरॅमिड बसके दिसतात, हा सुळक्यासारखा आहे. रोमच्या दक्षिण वेशीपाशी गायस सेस्टियस नावाच्या माणसाची ही कबर, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या वीसेक वर्षांतली, सुमारे ३६ मीटर उंच. ३३० दिवसांत काम पुरं केल्याचा लेख तिच्यावर कोरलेला आहे. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी बांधकामावर असा लेख कोरायला कुणाचा हात धजावणार नाही! फोरमपासून ती दोन किलोमीटरच्या आसपास दूर. आणि मागची धूसर इमारत अर्थातच कलोसियम.

म्हणजे तिवोली, फोरम आणि दक्षिण वेस, तिन्ही एका नजरेत. या प्रकाराला इटालियनमधे ‘काप्रिच्चो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ लहर. चित्रकाराची लहर. जे दृश्य जसंच्या तसं काढतात त्याला ‘वेदुता’ म्हणतात, आणि दोन्ही धंदे एकाच रस्त्यावर, बऱ्याचदा एकाच कारखान्यात चालत.

आता तो व्यापारी म्हणाला तो ‘पाणिनी’. आपला व्याकरणकार बिचारा यात कुठेच नाही. हा जोव्हान्नी पाओलो पानिनी, जन्म १६९१, पिआचेंझा गावी, मृत्यू रोममधे १७६५ साली. त्याचं शिक्षण समजून घेतलं की तुमचं चित्रही समजायला लागेल. नाटकाचे पडदे रंगवायची विद्या तो गावाकडे शिकला. सपाट कापडावर खोल दालन, मागे जाणारी खांबांची रांग, एका बाजूने येणारा उजेड, पुढे पात्रांना उभं राहायला मोकळी जागा. १७११ साली तो रोमला आला आणि पडद्यावरची हीच रचना त्याने अवशेषांवर लावली. पुढे त्याने रोममधल्या फ्रेंच अकादमीत यथार्थदर्शन शिकवलं, म्हणजे सपाट चित्रात जवळचं-दूरचं बरोबर मापात दाखवायची विद्या. त्याच्या चित्राकडे रंगमंच म्हणून बघा. डावीकडची उंच वास्तू ही बाजूची विंग, उजवीकडची दुसरी विंग, मधली गोल वस्तू हा देखावा, आणि पुढे फुटलेल्या खांबांवर टेकलेली माणसं. तुमच्या चित्राची मांडणी नेमकी अशीच आहे, त्यामुळे व्यापारी अगदीच हवेत बोलला नाही. पण मांडणी पानिनीची असणं आणि हात पानिनीचा असणं यांत फार मोठं अंतर आहे.

हा धंदा का चालला ते सांगतो, कारण नक्कल कुठून येते हे त्यातच आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या सरदारांची मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून वर्षदोन वर्षं युरोप फिरत, आणि रोम हा त्या फिरतीचा कळस. परत जाताना भिंतीवर लावायला काहीतरी हवं. एकाला कलोसियम हवं, दुसऱ्याला त्रायानचा स्तंभ, तिसऱ्याला दोन्ही. काप्रिच्चोत सगळ्यांची सोय होते. तीर्थाला गेलेली मंडळी सगळ्या देवांचा एकच एकत्र फोटो आणतात, तसं म्हणा हवं तर. पानिनीने याचा शेवटचा टप्पाही गाठला. १७५७ साली त्याने फ्रेंच राजदूतासाठी काढलेलं ‘प्राचीन रोम’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, सुमारे १७२ बाय २३० सेंटिमीटर. त्यात एक भलं मोठं दालन आहे, आणि दालनाच्या भिंतींवर छतापर्यंत चित्रंच चित्रं टांगलेली. प्रत्येक चित्रात रोमचा एकेक अवशेष, खाली जमिनीवर प्रसिद्ध पुतळे, आणि मधे गिऱ्हाईक स्वतः उभं. अवशेष जुळवायचीही गरज राहिली नाही, थेट यादीच रंगवली. याच्या आणखी आवृत्त्याही त्याच्याच हातच्या आहेत, एक पॅरिसला लूव्हरमधे, एक जर्मनीत श्टुटगार्टला.

एकच पुतळा, तोच खांब, तीच दगडी पेटी त्याच्या कित्येक चित्रांत फिरून फिरून येते. कारखान्यात हाताखाली माणसं होती, मुलगा फ्रान्चेस्कोही त्याच मार्गाला लागला. शिवाय चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छाप काढत, ते युरोपभर विकले जात, आणि छाप समोर ठेवून कुठल्याही गावातला चित्रकार रंगीत आवृत्ती करून देई. त्यामुळे ‘पानिनीसारखी’ चित्रं जगात पानिनीच्या चित्रांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ही डोकेदुखी त्याच्या आधीपासूनची. क्लोद लोरेन हा फ्रेंच चित्रकार, मृत्यू १६८२, रोममधेच राहून निसर्गात विरघळलेली देवळं काढायचा. हयातीतच त्याच्या नावावर इतकी नकली चित्रं खपायला लागली, की चित्र हातावेगळं झालं की तो त्याचं रेखाटन एका वहीत करून ठेवायला लागला. ती जवळजवळ दोनशे रेखाटनं आज ब्रिटिश म्युझियममधे आहेत. पानिनीने अशी वही ठेवली असती तर माझ्यासारख्यांचे बरेच वाद मिटले असते.

तेव्हा हात कुणाचा हे ठरवताना मी चित्राच्या पुढून सुरुवात करतच नाही. चित्र उलटं करतो.

तुम्ही लिहिलंय की मागे लाकडी चौकट आहे आणि कोपऱ्यांत पाचरी ठोकल्या आहेत. कॅनव्हास सैल पडला की त्या पाचरी हलकेच ठोकून ताण द्यायचा, यासाठी ती सोय असते. (तुम्ही ठोकू नका. रंग कडक झालेला असेल तर ताणाने तडकतो.) आता कापड चौकटीला कशाने लावलंय ते बघा. स्टेपलरच्या पिना असतील तर निदान आताचा ताण तरी विसाव्या शतकातला. गंजलेले खिळे असतील तर पुढे बघायला जागा आहे. कापडाची वीण एकसारखी, ग्राफपेपरसारखी सरळ आहे का? मग यंत्रावरची. धागे जाडबारीक, मधेच गाठी? मग हातमागाची शक्यता. आणि कापडावर कुठे छापील शिक्का आहे का ते बॅटरी तिरकी धरून शोधा. विन्सर अँड न्यूटन ही लंडनची रंगवाली पेढी १८३२ ची. तिच्यासारख्या दुकानांचे शिक्के विकतच्या कॅनव्हासच्या पाठीवर असायचे. तसा शिक्का मूळ कापडावर सापडला, तर १७६५ ला वारलेल्या माणसाने त्यावर चित्र काढलेलं नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फक्त एक मेख आहे. जुन्या, जीर्ण कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवतात, आम्ही चित्रं दुरुस्त करणारे त्याला अस्तर लावणं म्हणतो. शिक्का अस्तरावर असेल तर तो फक्त दुरुस्तीचं वय सांगतो. कडेला, खिळ्यांपाशी, कापडाचे दोन थर दिसतात का ते बघा.

मग पुढची बाजू, आणि तीही आधी भिंगातून. दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडचं भिंग चालेल. तांबड्या वस्त्रावर धरा. रंगाच्या जागी नियमित ठिपके दिसले तर हा छाप आहे. बारीक, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले ठिपके दिसले आणि वरून ब्रशच्या फटकाऱ्यांसारखी खरबरीत उठावदार पोत असेल, तर ती ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत छाप. आपल्याकडे ओलिओग्राफ म्हटलं की राजा रवी वर्म्याची लक्ष्मी-सरस्वतीच डोळ्यांपुढे येते. पण त्याच तंत्राने युरोपातून निसर्गचित्रंही घाऊक येत होती आणि तैलचित्र म्हणून भिंतीवर जात होती. एका घरात मी असं चित्र पाहिलं, तीन पिढ्या ‘इटलीहून आणलेलं’ म्हणून जपलेलं. भिंग धरलं आणि सगळ्या घरासमोर ठिपके मोजायची वेळ आली. आजोबांचा फोटो शेजारीच होता. तो प्रसंग कुणावर येऊ नये.

ठिपके नसतील तर चित्र हाताने रंगवलेलं आहे. आता खरी मजा. तांबड्या वस्त्राच्या माणसाच्या पायांपाशी, झग्याच्या खालच्या घेरात, फरसबंदीच्या रेषा आरपार दिसतात का बघा. जुन्या वास्तुचित्रांत चित्रकार आधी सगळी इमारत आणि जमीन रेषा मारून पुरी करायचा, आणि माणसं नंतर वरून बसवायचा. तेलातला शिशाचा सफेदा शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू पारदर्शक होतो. मग वरून रंगवलेल्या माणसाच्या पोटातून मागचा खांब दिसायला लागतो, भुतासारखा. ही गोष्ट मुद्दाम घडवता येते, पण नकलाकार सहसा तेवढे कष्ट घेत नाहीत. त्याचबरोबर खोलीत अंधार करून बॅटरी चित्राच्या कडेला अगदी आडवी धरा. कमानींच्या आणि खांबांच्या कडांपाशी पट्टी ठेवून टोचणीने ओढलेल्या बारीक खाचा दिसल्या, तर रंगवणाऱ्याने इमारत मापून बसवली आहे. हाताच्या अंदाजाने नक्कल केलेल्या चित्रात खांब गोड दिसतात पण उसाच्या कांड्यांसारखे, आणि त्यांच्यावरचा पट्टा कशाच्या आधारावर उभा आहे ते कळत नाही.

पट्टी आणखी एका कामाला येते. क्षितिजाची रेषा शोधा आणि तिच्यापासून माणसांच्या डोक्यांचं अंतर बघा. सपाट जमिनीवर जवळच्या माणसाच्या डोक्यावर क्षितिज एक माणूसभर उंच असेल, तर दूरच्या, नखाएवढ्या माणसाच्या डोक्यावरही ते त्याच्या मापाने एक माणूसभरच उंच हवं. यथार्थदर्शन शिकवणारा माणूस यात चुकत नाही. नकलाकार दूरची माणसं शेवटी घाईने टिंबांसारखी टाकतो आणि ती एकतर जमिनीत रुततात किंवा हवेत तरंगतात.

आणि कलोसियम. खालचे तीन मजले कमानींचे, चौथ्यावर कमानी नाहीत, नुसती भिंत आणि चौकोनी लहान खिडक्या. शिवाय बाहेरचं उंच कडं उत्तरेच्या बाजूलाच शिल्लक आहे, बाकी ठिकाणी ते पडून आतलं ठेंगणं कडं उघडं पडलंय. म्हणून ती इमारत बाजूने पायरी पडल्यासारखी दिसते. तुमच्या चित्रात चौथ्या मजल्यावर कमानी निघाल्या तर रंगवणाऱ्याने रोम बहुधा छापातच पाहिलं. भिंतींवर झाडोरा आहे का तेही बघा. आपल्या गडांच्या तटावर पिंपळ फुटतो तसं तिथे अंजीर आणि केपरची झुडपं फुटतात. त्या काळी कलोसियम म्हणजे अक्षरशः रान होतं. रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५५ साली एकट्या कलोसियममधल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं आणि त्यात ४२० जाती नोंदवल्या. पुढे पुरातत्त्ववाल्यांनी ते सगळं उपटून इमारत तासून काढली. फोरममधे तर गुरं चरायची, त्याचं नावच ‘काम्पो व्हाच्चिनो’, गायरान. त्यामुळे अठराव्या शतकातल्या चित्रात खांबांचे पाय मातीत गाडलेले असतात आणि शेजारी शेळ्या असतात. खांबाचा पाया, पायऱ्या, सगळं स्वच्छ उघडं दिसत असेल तर थोडं थांबून विचार करा. पानिनीही कधीकधी माती मनाने बाजूला करायचा, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही.

माणसंही बोलतात. पानिनीच्या अवशेषांत रोमन सैनिक, तत्त्ववेत्ते, भविष्य सांगणारी सिबिल, उपदेश करणारा ख्रिस्ताचा शिष्य, अशी हात पसरून बोलणारी पात्रं असतात. नाटकवाला माणूस, सवय जाणार कुठे. तुमचा तांबड्या वस्त्राचा गृहस्थ त्याच कुळातला. त्याच्यानंतरचा फ्रेंच चित्रकार ह्युबेर रोबेर (१७३३ ते १८०८) हा १७५४ ला रोमला आला, अकरा वर्षं राहिला, आणि त्याने पात्रं बदलली. त्याच्या चित्रांत सम्राटाच्या कमानीखाली बायका धुणं धुतात आणि दोन देवळांच्या खांबांना दोरी बांधून चादरी वाळत घालतात. मला व्यक्तिशः पानिनीपेक्षा रोबेर जवळचा वाटतो. दिदेरो या लेखकाने १७६७ च्या प्रदर्शनावर लिहिताना रोबेरला खडसावलं होतं की अवशेषांत एवढी माणसं कशाला, एकान्त राहू द्या. मला ते पटत नाही. दोरीवरच्या चादरीमुळेच त्या कमानीचं वय अंगावर येतं. पुढे १७९६ साली रोबेरने चालू, उभ्या लूव्हर राजवाड्याचं दालन पडकं होऊन आभाळ दिसतंय असं चित्र काढलं. राज्यक्रांतीत तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला उभी भिंत पडकी दिसणं सोपं असावं.

असो, विषयांतर झालं. तुमच्या चित्राबद्दल माझा अंदाज सांगायचा तर, फोटोतल्या आकाशाच्या ढगांची कडक कड आणि माणसांचे जरा ठोकळेबाज हात बघता, हे एकोणिसाव्या शतकातलं, छापावरून केलेलं हाती रंगवलेलं काम असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जुन्या छापांवरून आणि प्लास्टरच्या साच्यांवरून नकला करणं हा त्या काळी चित्रकलेच्या शिक्षणाचाच भाग होता, युरोपातही आणि १८५७ ला सुरू झालेल्या मुंबईच्या जे.जे.सारख्या शाळांतही. त्यामुळे हात इथला असण्याची शक्यताही मी सोडत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. एक दुपार तिथे काढा आणि खरं जुनं आकाश जवळून कसं दिसतं ते बघून या. व्यापाऱ्याच्या बोलण्यावरून किंमत मनात धरू नका, आणि त्याला चित्र ‘दाखवायला’ म्हणून देऊही नका. चित्र शंभर वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लिलावाच्या गोष्टी कुणी करायला लागलं तर हे लक्षात असू द्या.

आता बटाटा.

चित्र चहाच्या रंगाचं दिसतंय ते बहुतेक व्हार्निशमुळे. रंग सुकल्यावर वरून झाडाच्या राळेचा पातळ थर देत, डॅमर (डांबर नव्हे) किंवा मॅस्टिकचा. तो सुरुवातीला काचेसारखा असतो आणि वर्षांनुवर्षं पिवळा, मग तपकिरी होत जातो. खालचं निळं आकाश त्यातून हिरवट दिसतं, आणि लोकांना वाटतं चित्रकाराने संध्याकाळ काढली आहे. त्यावर उदबत्तीचा, चुलीचा धूर, माश्यांचे डाग, माळ्यावरची धूळ. म्हणजे वरचे थर दोन आहेत, घाण आणि व्हार्निश, आणि दोन्हींना वेगळं औषध लागतं. बटाट्याने यातली घाण थोडी निघते, म्हणून व्हिडिओत चमत्कार दिसतो. पण बटाटा म्हणजे पाणी आणि पिठूळ. पाणी भेगांतून आत जातं, कॅनव्हासवरचा सरसाचा थर फुगतो, आणि रंगाची खपली खालून सुटते. आज नाही, दोन महिन्यांनी. पिठूळ भेगांत बसून राहतं आणि पावसाळा लागला की तिथेच बुरशी धरते. मी अशा चित्रांवर काम केलंय जिथे बुरशीच्या रेषा बरोबर भेगांवरून धावत होत्या, नकाशातल्या नद्यांसारख्या.

आम्ही स्वतः घाण काढायला काय वापरतो ते ऐकून तुम्हाला हसू येईल. पुष्कळदा थुंकी. काडीला कापसाचा छोटा बोळा, तो जिभेवर जेमतेम ओला करून चित्रावर फिरवायचा, घासायचा नाही, लोळवायचा. लाळेतल्या विकरांनी धुराची, तेलाची घाण सुटते. पण रंग घट्ट आहे की सुटा, हे आधी तपासल्यावरच, आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. व्हार्निश काढायला द्रावणं लागतात. आधी अतिनील दिव्याखाली चित्र बघतात. जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी केलेली डागडुजी त्यावर काळ्या ठिगळांसारखी उमटते. मग कडेला छोटे चौकोनी तुकडे साफ करून बघत द्रावण सौम्यापासून चढवत नेतात.

हे सगळं करूनही चूक होते. मी उमेदवारी करत असताना माझ्यापुढे असंच अवशेषांचं एक चित्र होतं, पुढे एक मेंढपाळ कमानीला टेकून उभा. त्याच्या हातापासून जमिनीपर्यंत एक तपकिरी तिरपी रेघ होती. मला ती व्हार्निशचा ओघळ वाटली. तीन बोळ्यांत साफ निघाली, आणि मी खूश. दुपारी आमचे सर आले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, ‘याची काठी कुठंय?’ ती रेघ म्हणजे सुकलेल्या रंगावर शेवटी दिलेला पातळ हात होता, त्या मेंढपाळाची काठी. मूठ तशीच राहिली, हवेला धरून. पुढे ती काठी जुन्या फोटोवरून, पुन्हा काढता येईल अशा रंगात, मलाच भरायला लावली. तेव्हापासून तपकिरी रेघ दिसली की माझा हात आधी आखडतो. काप्रिच्चोत अशा शेवटच्या पातळ हातांत बरंच काही असतं, झाडोऱ्याच्या फांद्या, खांबावरच्या सावल्या, दगडावरची अक्षरं. पानिनीची सहीसुद्धा पुष्कळदा अशीच, पडक्या दगडावर कोरल्यासारखी असते. तुम्ही म्हणता सही नाही. कोपऱ्यात शोधली असणार. पुढच्या दगडी पेटीवर आणि आडव्या पडलेल्या खांबावर भिंग फिरवा. पुसू मात्र नका, सही असेल तर तीच सगळ्यात आधी जाईल.

काम कुठे करून घ्यायचं, तर वर सांगितलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं मुंबईत संवर्धन केंद्र आहे, आणि लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. खासगी माणसाकडे देणार असाल तर आधी त्याच्याकडून लेखी स्थिती-अहवाल आणि कामाआधीचे फोटो मागा. जो म्हणेल ‘दोन दिवसांत नव्यासारखं करून देतो’, त्याला चहा पाजून निरोप द्या.

मला पुन्हा फोटो पाठवाल तर फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात पाठवा. पहिला फोटो पाठीचा, चारही कोपरे आणि पाचरी दिसतील असा. दुसरा अंधारात बॅटरी डावीकडून आडवी धरून. तिसरा तांबड्या वस्त्राच्या घेराचा, भिंगातून. आणि पाठीवर कागदाची फाटकी चिठ्ठी चिकटलेली आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ती सोलून काढू नका. वाचता येत नसली तरी तशीच राहू द्या, तिचाही एक फोटो हवा.